उजवीकडून पहिली

एकतीस वर्षं मी नाशिकच्या एका दैनिकात फोटोखालच्या ओळी लिहिल्या. आमच्याकडे कामाची वाटणीच तशी होती. ज्याला लिहिता येतं तो बातम्या लिहायचा, ज्याला येत नाही पण मालकांशी ओळख आहे तो अग्रलेख लिहायचा, आणि या दोन्हींत न बसणारा वाल्मीक गायधनी, म्हणजे मी, फोटोओळी लिहायचो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अग्रलेख कोणी वाचत नाही. फोटोओळ मात्र माणूस चष्मा पुसून वाचतो, कारण त्याला आपलं नाव बघायचं असतं.

फोटोओळीचं शास्त्र सोपं आहे. डावीकडून सुरुवात करायची, नावं हुद्द्यासकट द्यायची आणि शेवटी 'आदी मान्यवर' लिहून सुटायचं. एखाद्याचं नाव राहिलं की सकाळी सातला त्याचा फोन यायचाच. त्याला सांगायचं, "अहो, 'आदी' म्हणजे तुम्हीच!" या दोन अक्षरांनी माझी नोकरी टिकवली. माझ्या निरोपसमारंभाचा फोटो पेपरात आला, तेव्हा त्याच्याखालीही शेवटी 'आदी' होतं आणि त्या आदीत मी होतो.

रिटायर झाल्यावर दोन वर्षं मी नाशिकरोडच्या घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात सुधारणा सुचवल्या. तिसऱ्या वर्षी तिने माझ्या पुतणीला, हर्षालीला, फोन केला. "यांना काहीतरी काम दे गं, नाहीतर मी एकलहऱ्याला माहेरी जाऊन राहते." हर्षालीचं कॉलेज रोडला वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. काम देताना ती काका-पुतणी असलं काही बघत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

काम होतं आधारवेल सेवा मंडळाचं. दिंडोरी रस्त्यावर त्यांचं कार्यालय आहे. अध्यक्ष निवृत्तीअण्णा, मोठे द्राक्षबागायतदार. मंडळ पंचवीस वर्षं एकच काम करतं, वाटप. सायकली, शिलाई मशीन, घोंगड्या, चष्मे, सुरगाण्याच्या पाड्यांवर छत्र्या. आता एक कंपनी त्यांना भरघोस देणगी द्यायला तयार होती, पण अट अशी की ज्यांना दिसत नाही त्यांनाही मंडळाची वेबसाइट वापरता आली पाहिजे.

"म्हणजे प्रत्येक चित्राच्या मागे एक ओळ लिहायची, काका," हर्षालीने समजावलं. "त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ज्यांना दिसत नाही त्यांचा कॉम्प्युटर ती मोठ्याने वाचून दाखवतो."

"मागे म्हणजे दिसणार नाही?"

"बघणाऱ्याला नाही दिसणार."

आयुष्यभर पुढे लिहिलं, आता मागे लिहू, असं म्हणून मी खुर्ची ओढली.

"तपासणार कोण?" मी विचारलं.

"योगिनी घुमरे. बँकेत नोकरीला आहे, सुटीच्या दिवशी हे काम करते. तिला जन्मापासून दिसत नाही. तिने पास केलं तर मंडळाला देणगी. नापास केलं तर मंडळही गेलं आणि आपलं कामही गेलं."

मला तपासणार! एकतीस वर्षांत माझी ओळ तपासायची कोणाची छाती झाली नव्हती. खरं तर कोणाला वेळ नव्हता, पण ते बाजूला ठेवा.

सुरुवात छोट्या चिन्हांपासून होती. वेबसाइटच्या डोक्यावर बारीक बारीक चित्रं असतात ना, तीच. अर्ध्या दिवसात मी अठरा लिहून टाकली. दुसऱ्या दिवशी फोन.

"गायधनीकाका ना? नमस्कार, मी योगिनी. तुमचं घर ऐकलं. 'कौलारू घर, उजव्या बाजूस धुरांडे.' छान आहे. राहायला कधी येऊ?"

"अहो, ते चिन्ह आहे."

"ते कळलं. पण त्याच्यावर दाबलं की काय होतं?"

"मुख्य पानावर जातं."

"मग 'मुख्य पान' एवढंच लिहा ना. मला धुरांड्यातून नाही जायचं."

पुढे माझं भिंग निघालं. 'पितळी मुठीचे भिंग' असं मी लिहिलं होतं. पितळी कशावरून, असं तिने विचारलं. पिवळं दिसतंय, असं मी म्हटलं. मग पिवळ्या लाकडाची का नाही मूठ, असं ती म्हणाली. तिथे 'शोधा' झालं. 'एकाखाली एक तीन आडव्या रेघा' ऐकून तिला वाटलं म्हणे, की आपल्याला बालवाडीत बसवलंय. तिथे 'यादी उघडा' झालं. अठरातली सतरा बदलली. अठराव्यावर तर ती खवळलीच.

ते म्हणजे पानाच्या कडेचा द्राक्षवेल. मी मन लावून लिहिलं होतं, 'नाजूक पानांची नक्षी, त्यातून लोंबणारे रसाळ घोस.'

"काका, तो वेल एका पानावर चौदा वेळा आहे. चौदा वेळा ते घोस माझ्या कानात लोंबले."

"मग काय लिहू?"

"काहीच नाही. रिकामं सोडा. जे नुसतं शोभेला असतं, त्याच्यामागे रिकामं सोडायचं. कॉम्प्युटर गुपचूप पुढे जातो."

रिकामं सोडायचं! आमच्या पेपरात पानावर दोन बोटं जागा उरली, तरी तिथे 'पाणी जपून वापरा' असं छापायचे. रिकामी जागा म्हणजे उपसंपादकाची बदनामी. मी फोन ठेवला आणि हर्षालीला म्हटलं, "ही मुलगी फार शहाणी आहे."

"आहेच," हर्षाली म्हणाली. "म्हणून तर कंपनीने तिला दिलंय."

चिन्हं एकदाची पास झाली आणि फोटो आले. दोनशे चौदा फोटो, सगळे वाटपाचे. मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. हा तर आपला प्रांत! तासाभरात वीस ओळी पाठवल्या. 'आधारवेल सेवा मंडळातर्फे सायकलवाटप करताना डावीकडून अध्यक्ष निवृत्तीअण्णा, उपाध्यक्ष पुंजाराम, सचिव यादव,' वगैरे, आडनावांसकट, आणि शेवटी 'आदी मान्यवर'.

तासाभरातच फोन.

"काका, सात माणसं भेटली. सगळी मान्यवर. सायकल नाही भेटली."

"आहे ना, मध्येच आहे."

"कोणाच्या हातात आहे? आणि जिला दिली ती मुलगी कुठे आहे?"

फोटो माझ्यासमोर होता, पण उत्तर द्यायला मला तो बघावा लागला. सायकलीच्या हँडलवर, सीटवर आणि दांडीवर मिळून नऊ हात होते. मुलगी होती कॅरिअरच्या पलीकडे. तिने हात पुढे केला होता, पण तो सायकलीपर्यंत पोचत नव्हता. मी जसं दिसलं तसं सांगितलं.

ती म्हणाली, "हेच लिहा."

"असं लिहिलं तर अण्णा काय म्हणतील?"

"अण्णांना फोटोत दिसतंय ना हे? मग मला का नको दिसायला?"

मला राग आला. खरं सांगतो, चांगलाच आला. ती चुकीची असती तर इतका आला नसता. एकतीस वर्षं मी फोटो बघितलेच नव्हते, त्यातली डोकी मोजली होती.

त्याच फोनवर शेवटी ती जरा वेगळ्या आवाजात बोलली. "काका, या दोनशे चौदांत एक फोटो माझा आहे. दोन हजार दोन सालचा, पांढऱ्या काठ्यांच्या वाटपाचा. पेपरात आला होता. मी नऊ वर्षांची होते. तो मला आजवर चार जणांनी सांगितला आणि चौघांनी वेगळा सांगितला. आई म्हणते, तू गोड हसतेयस. दादा म्हणतो, रडतेयस. मावशी म्हणते, परीसारखी दिसतेयस. नवऱ्याने बघितला आणि म्हणाला, जाऊ दे ना आता."

"मग खरं काय आहे?"

"तेच तर मला हवंय. त्या फोटोतली एक गोष्ट मला माहीत करून घ्यायचीय. म्हणून तर हे काम मी मागून घेतलं. कुठली गोष्ट ते तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं की माणूस तेवढंच बघतो, नाहीतर समोरच्याला बरं वाटेल ते बघतो. तुम्ही आधी बाकीचे दोनशे तेरा करा. हात बसला की माझा घ्या. त्यात जे आहे ते लिहा, बस."

त्या दिवसापासून माझी झोप नाही उडाली, पण जेवण जरा उशिरा व्हायला लागलं. मी एकेक फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघायचो. बायको म्हणाली, "लग्नात माझा फोटो तरी एवढा बघितला होतात का?" मी म्हटलं, तेव्हा मान्यवर जास्त होते.

आणि बघायला लागलो तर काय काय दिसायला लागलं! सुरगाण्याच्या छत्रीवाटपात सहाच्या सहा छत्र्या मान्यवरांच्या डोक्यावर होत्या आणि ज्यांना द्यायच्या त्या बायका भिजत टाळ्या वाजवत होत्या. चष्मेवाटपात चष्मा घातलेले आजोबा कॅमेरा सोडून भलतीकडेच बघत होते, बहुतेक नंबर दुसऱ्याचा असावा, पण 'बहुतेक' मी लिहिलं नाही. योगिनीने ती सवय मोडली होती. दिसतं ते लिहायचं, वाटतं ते स्वतःजवळ ठेवायचं. घोंगडीवाटपात तर गंमतच झाली. दोन हजार नऊ, अकरा आणि चौदा, तिन्ही सालच्या फोटोत घोंगडीच्या कोपऱ्यावर तोच हळदीचा डाग.

मी अण्णांना फोन करून विचारलं. अण्णा मोकळे गृहस्थ. म्हणाले, "ती फोटोची घोंगडी हाय. वाटायच्या गठ्ठ्यात बांधलेल्या असत्यात. फोटोसाठी कोण गठ्ठे सोडीत बसंल?"

"म्हणजे लोकांना मिळतात ना?"

"मिळत्यात म्हंजी? मोजून देतो, गायधनी. येक कमी नाय." आणि ते खरंच होतं, सुरगाण्याला फोन करून मी खात्री केली. अण्णा माणूस वाईट नाही. फक्त कॅमेरा दिसला की ते त्याच्या दिशेने कलतात.

पुढच्याच आठवड्यात अण्णा हर्षालीच्या ऑफिसात येऊन थडकले. कोणीतरी त्यांना माझ्या ओळी वाचून दाखवल्या होत्या. आल्याआल्या टोपी टेबलावर ठेवली.

"गायधनी, माझं नाव कुठं हाय?"

"आहे की अण्णा. ज्या फोटोत तुम्ही काही करताय, त्यात आहे."

"मंग बाकीच्यात मी काय करतो?"

"उभे असता."

अण्णा विचारात पडले. "उभं राहाणं म्हंजी सोपं वाटतं व्हय तुम्हाला? दोन दोन तास!"

हर्षाली मध्ये पडली. माझ्याकडे डोळे वटारत तिने अण्णांना सांगितलं, की तपासणाऱ्या ताईंना असंच लिहिलेलं चालतं, त्याशिवाय पास होणार नाही. पास हा शब्द ऐकून अण्णा जरा निवळले. "लिव्हा मंग. पन शेवटाला समदं मला ऐकवायचं. मंडळात, त्या ताईंच्या समोर. मी चिवडा मागिवतो." शनिवार ठरला.

गुरुवारी मी दोनशे चौदावा फोटो उघडला.

पेपरातलं कात्रण होतं. खाली ओळ छापलेली होती. 'पांढऱ्या काठ्यांचे वाटप करताना डावीकडून' आणि मग सात नावं, हुद्द्यांसकट, शेवटी 'आदी मान्यवर'. हुद्द्यानंतर स्वल्पविराम न देता टिंब द्यायची खोड आमच्या पेपरात एकाच माणसाला होती. ती ओळ माझी होती.

मला ती संध्याकाळ आठवली नाही. अशा संध्याकाळी हजारांनी झाल्या. पण काय केलं असेल ते मला पक्कं माहीत आहे. सातही नावं मी फोन करून तपासली असतील, कोणाचा काना-मात्रा चुकला तर उद्या खैर नाही म्हणून. आणि काठी जिच्या हातात आहे, तिचं नाव काय, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नसेल. मला लाज वाटली. ती शेजारी कोणी नसताना वाटते तशी लाज होती, जिच्यावर चहा घेऊन उपाय होत नाही.

मूळ फोटो अण्णांच्या अल्बममध्ये होता. हर्षालीने तो आणून स्वच्छ स्कॅन करून दिला. मी मोठा केला आणि बघत बसलो. सवय वाईट असते. माझ्या बोटांनी आपणहून टाइप केलं होतं, 'चिमुकलीच्या चेहऱ्यावर हास्य फुलले.' मी पुन्हा बघितलं. हास्य कुठेच नव्हतं. पुसलं. मग जे होतं ते लिहिलं, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की या फोटोत नक्की काय चाललंय. मी खुर्चीत ताठ झालो.

हर्षालीने वाचलं. "काका, हे अण्णांसमोर वाजवणार?"

"हो."

"त्यांना राग आला तर देणगी, मंडळ, आपलं काम, सगळं जाईल. थोडं सौम्य करा ना. दोन वाक्यं काढली तरी चालेल."

"त्या मुलीला यातली एकच गोष्ट हवीय, आणि कुठली ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "ती त्या दोन वाक्यांतच असेल तर? मला काहीच काढता येत नाही."

हर्षाली म्हणाली, "ठीक आहे. बुडालो तर तुम्ही काकूंचा स्वयंपाक सुधारा."

शनिवारी योगिनी रिक्षाने एकटी आली. आवाजावरून मला ती उंच वाटली होती, होती माझ्या खांद्याएवढी. पांढरी काठी जमिनीवर टेकवत ती कार्यालयाच्या पायऱ्या माझ्यापेक्षा भरभर चढली. अण्णांनी चिवड्याची बशी पुढे केली, चहा मागवला आणि स्वतः मधल्या खुर्चीवर बसले, फोटो निघणार असल्यासारखे.

तिचा लॅपटॉप बोलायला लागला. आधी इतका भरभर बोलला की अण्णा म्हणाले, "ह्यो लिलाव चाललाय का?" तिने हसून वेग कमी केला. मुख्य पान. शोधा. यादी उघडा. वेल गुपचूप गेला. मग फोटो. छत्र्या आल्या, तेव्हा अण्णांनी चिवडा चघळणं थांबवलं. घोंगडी आली, तेव्हा हसले. सायकल आली, तेव्हा म्हणाले, "नऊ हात? मोजले व्हय तुम्ही?" आणि बशी बाजूला सारली. दोनशे तेराव्या फोटोपर्यंत योगिनीने सगळं पास केलं.

"आता माझा," ती म्हणाली.

"त्याआधी एक सांगायचंय," मी म्हटलं. "पेपरात त्या फोटोखाली जी ओळ आली होती ना, ती मी लिहिली होती."

योगिनीने ती ओळ म्हणून दाखवली. सातही नावं, हुद्द्यांसकट, त्याच क्रमाने, शेवटच्या आदी मान्यवरांपर्यंत. एकही चूक नाही.

"पाठ आहे मला," ती म्हणाली. "आई रोज वाचायची. मी म्हणायचे, परत वाच, माझं नाव राहिलं असेल. आठवडाभर वाचली तिने."

हर्षालीने खाली बघितलं. योगिनीने बटण दाबलं आणि लॅपटॉपमधली ती सपाट आवाजाची बाई वाचू लागली.

"उजवीकडून पहिली, योगिनी घुमरे, वय नऊ. दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा निळा गणवेश. तिने दोन्ही हातांनी एक पांढरी काठी धरली आहे. काठीच्या वरच्या टोकावर आणखी पाच हात आहेत. योगिनी हसत नाही आणि रडतही नाही. ओठ घट्ट मिटलेले आहेत, हनुवटी खाली आहे. कोपरे ताठ आहेत. दोन्ही टाचा जमिनीवरून उचललेल्या आहेत. काठीचे खालचे टोक शेजारच्या गृहस्थांच्या चपलेवर, अंगठ्याच्या जागी आहे. गृहस्थांचे डोळे मिटलेले आहेत आणि दात दिसत आहेत. आदी मान्यवर कॅमेऱ्याकडे बघत आहेत. योगिनीकडे कोणी बघत नाही."

योगिनीने लॅपटॉप थांबवला.

"टाचा उचललेल्या?" योगिनीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दोन्ही."

"नक्की?"

"मोठा करून बघितलंय. खाली सावली दिसते."

तिने श्वास सोडला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. "म्हणजे मी केलं होतं. खरंच केलं होतं!"

मग तिने सांगितलं. "त्या दिवशी आम्ही अकरा मुली होतो आणि काठी एक होती. एकीच्या हातात द्यायची, फोटो काढायचा, की काढून घ्यायची आणि दुसरीला द्यायची. मी अकरावी होते. दहा जणींची काढून घेताना मी ऐकलं होतं. मी ठरवलं, आपण सोडायची नाही. म्हणून खाली जोर दिला. खाली काहीतरी मऊ लागलं. मऊ आहे म्हणजे कोणाचा तरी पाय आहे, एवढं कळायची अक्कल मला होती. मग आणखी जोर दिला."

अण्णांचा चहा हातातच राहिला होता.

"काढून घेतलीच शेवटी. घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, काहीतरीच काय, तू तर शहाण्यासारखी हसत होतीस. इतकी वर्षं सगळे म्हणत राहिले, की मलाच वाटायला लागलं, आपण मनाने रचलं असेल. मला एवढंच बघायचं होतं, काका. त्या दिवशी मी गप्प उभी राहिले होते, की नव्हते."

"नव्हतीस," मी म्हटलं. तिला 'तू' कधी म्हणायला लागलो ते मला कळलंच नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला. आपल्या डाव्या पायाकडे बघत म्हणाले, "ती तू व्हतीस व्हय? तीन म्हयने नख काळं व्हतं माझं. फोटोवाला म्हने हसा, अन् इकडं जीव चाललेला." मग त्यांचा आवाज उतरला. "पार्सल मागं राहिलं व्हतं गं. नमुन्याला येकच आली व्हती. ती..." ते थांबले. 'फोटोची काठी' हे शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले होते, ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

"आल्या नंतर काठ्या," योगिनी म्हणाली. "दोन महिन्यांनी. तोवर भिंतीला धरून चालले."

हर्षाली माझ्याकडे बघत होती आणि मी चिवड्याकडे. काम गेलं, असं मी मनाशी धरलं होतं आणि त्याचं मला फार वाईट वाटत नव्हतं.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गायधनी."

"बोला अण्णा."

"त्या फोटोत ते गृहस्थ म्हंजी कोन?"

"नाव नाही लिहिलं मी."

"का नाय लिव्हलं? बाकीच्यात नाय घातलं तर ऱ्हाऊ द्या, मी काय म्हनलो नाय. पन हितं घाला." ते योगिनीकडे वळून बसले. "पाय माझा व्हता. नावबी माझंच पायजे."

मी योगिनीकडे बघितलं. पास-नापास तिच्या हातात होतं.

"घाला काका," ती म्हणाली. "उजवीकडून दुसरे."